खिळ्यावरचा खराटा

तीर्थस्वरूप भावजींना,

धाकट्या मेव्हण्याचा हात जोडून नमस्कार. तुम्ही उलट हात जोडायची तसदी घेऊ नका. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधून ठेवलेत, असं नर्सबाईंनी फोनवर सांगितलं. जेवण जातं का, झोप लागते का, आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा अजून रात्रभर कण्हतात का, ते कुणाकडून तरी कळवा. इकडे मी ठीक आहे, म्हणजे दोन्ही वेळा जेवतो आणि मग त्याची लाज वाटून घेत बसतो. वॉर्डात मला सोडत नाहीत (माझ्यामुळे जंतुसंसर्ग होईल म्हणे, आजवर लोकांनी मला पुष्कळ नावं ठेवली, पण जंतू म्हणून पहिल्यांदाच ओळख झाली), म्हणून हे पत्र.

सोमवारी चौकशी आहे. प्रश्न एकच, आपल्या बसडेपोतल्या पंपाच्या दाराजवळचा खराटा तुम्ही भाजलात त्या दिवशी कोणी हलवला? साहेबांच्या अहवालात तो हललेलाच नाही. त्यात लिहिलंय की खराटा खिळ्यावर होता आणि तुम्ही आळसापायी तो घेतला नाहीत. म्हणजे चूक तुमची, आणि नोकरीवरही पाणी. अहवालाखाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीची जागा रिकामी ठेवली आहे.

समितीतले तिघेही चांगले शिकलेले आहेत, पण खराट्याचं प्रकरण काही त्यांच्या पचनी पडत नाही. एवढं नवं इंधन, पाण्यापासून काढलेलं, धूर नाही, काजळी नाही, आणि त्याच्या शेजारी खराटा कशाला, असं विचारत होते. मी त्यांना समजावलं की हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि तो पेटला तर भर उन्हात ज्वाळासुद्धा दिसत नाही. ज्वाळा ओळखणारं यंत्र आपल्याकडे आहे (खोक्यात आहे, खोकं उघडायला ज्यांची सही लागते ते रजेवर आहेत). म्हणून नळीजवळ जाताना भावजी खराटा पुढे धरून चालतात, काड्या पेटल्या की मागे फिरतात, असं मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पण एकमेकांकडे बघत. त्यांना तरी काय बोलू, पहिल्या दिवशी मीही पोट धरून हसलो होतो. मग तिसऱ्या महिन्यात माझ्याच हातातला खराटा, समोर काहीही दिसत नसताना, वीतभर जळाला आणि माझं हसू कायमचं बंद झालं.

पाहुणे डेपो बघायला आले, त्या दिवसाचं तर विचारू नका. सकाळी साहेब पंपाशी थांबले आणि म्हणाले, ‘स्वच्छ इंधन म्हणायचं आणि दारात हे असलं? हलवा ते.’ कोणाकडे बघून म्हणाले नाहीत. मग खराटा हलला. (आपल्या डेपोत कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं, हे तुम्हाला माहीतच आहे.) भाषणात साहेबांनी सांगितलं की या बसच्या मागून धुराऐवजी फक्त पाणी पडतं. मुख्य पाहुण्यांनी ते पाणी प्यायला मागितलं. साहेबांचा चेहरा पडला, पण लगेच सावरून त्यांनी ऑफिसातल्या फिल्टरचं पाणी ग्लासात भरून आणवलं. पाहुणे म्हणाले, वा, चवीत काहीच फरक नाही. मग सगळ्यांचा फोटो झाला.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या बसमध्ये इंधन भरायला घेतलं. तुम्हाला नळीजवळ फुसफुस ऐकू आली. खिळ्याकडे हात नेलात तर खिळा रिकामा. शोधायला वेळ नव्हता. ड्रायव्हर आत बसलेला होता आणि झडप बंद करायला हवी होती. मग तुम्ही खराट्याऐवजी हात पुढे केलेत. मी बारा पावलांवर होतो. ज्वाळा मला दिसलीच नाही. तुमच्या बाह्या दिसल्या.

इंधनाला मी दोष देत नाही, भावजी. डेपोच्या भिंती आता हाताला काळ्या लागत नाहीत, आणि भाचीचा खोकला थांबला तो या बस आल्यापासूनच, हे तुम्हीच दहा जणांना सांगत फिरायचात. ते खरंच आहे. फक्त यंत्र खोक्यातून बाहेर येईपर्यंत खराटा खिळ्यावर राहायला हवा होता.

प्रकृतीला जपा. औषध कडू लागलं तर साहेबांची आठवण काढा, त्यापुढे गोड लागेल.

तुमचा मेव्हणा

ता. क. सही केली तर नोकरीत कायम करतो, असं साहेब म्हणालेत. अहवाल तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. घामाने शाई पसरली आहे, पण तुमचं नाव अजून वाचता येतं.

ता. क. खराटा सापडला. सामानाच्या खोलीत, कपाटामागे आहे. ‘सापडला’ हा शब्दही खरा नाही. तो कुठे आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

ता. क. हात बांधलेले असताना हे पत्र तुम्ही स्वतः वाचत नसणार, ताईच वाचून दाखवत असणार. म्हणून तर लिहिलं. फोनवर तिच्याशी बोलताना माझी जीभ उचलत नाही. ताई, इथे थांबू नकोस, त्यांनाही ऐकू दे. खराटा मी हलवला. फोटो झाल्यावर परत लावू म्हटलं, आणि फोटोत पुढच्या रांगेत उभं राहायला मिळालं त्या आनंदात विसरलो. सोमवारी मी समितीला हेच सांगणार आहे. पण त्याआधी ते तुझ्या तोंडून वाचलं जायला हवं होतं. भावजी काय म्हणाले ते कळवू नकोस, ते मला माफ करतील हे मला माहीत आहे. तू काय म्हणालीस तेवढं कळव.