केळीच्या राखेचं पाणी

३ फेब्रुवारी, धुळे
सरांचा पेपर ऑनलाइन आला. केळीच्या खांबाची राख पाण्यात कालवायची, गाळायची, तेच पाणी उत्प्रेरक. औषधांत लागणारं इमिडाझोल साध्या पाण्यात तयार, घातक सॉल्व्हंट नाही. सरांच्या जळगावच्या लॅबमध्ये पीएचडीची चार वर्षं मी हेच केलं. राखही आमच्या आबांच्या शेतातली. पहिलं नाव सरांच्या भाच्याचं. माझं आभारातही नाही.
कॉलेजात तीन तास घेतले. काय शिकवलं, देव जाणे.

११ फेब्रु.
सरांचा फोन. दोन वर्षांनी! जर्नलकडे तक्रार गेलीय, पेपरातलं कुणालाच करून जमत नाहीये म्हणून. "बेटा, नुसतं काळं डांबर होतंय गं. तू नेमकं काय करायचीस?"
"सर, वहीत सगळं आहे."
नाहीये. ताजी राख फार जहाल. पंधरा दिवस ताटात उघडी ठेवून हवा खाऊ द्यावी लागते. इतकं सवयीचं होतं की लिहायचं राहिलं. आता राहू दे.
दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० फेब्रु.
पुन्हा फोन. महिनाभरात करून दाखवा, नाहीतर पेपर मागे घ्या, असं जर्नल म्हणतंय. "काय असेल ते सांगून टाक."
"पेपरात माझं नाव शोधतेय सर. सापडलं की सांगते."
मजा आली. खोटं का लिहू.

१ मार्च
प्रतीक्षा आली, सरांची नवी विद्यार्थिनी. शिंदखेड्याची. भाचा नोकरीला लागून सुटला, आता निस्तरायचं हिने. नाही जमलं तर प्रबंधावर सही नाही, म्हणतात सर. बोटांवर राखेच्या पाण्याने भाजल्याचे चट्टे.
"मॅडम, मी बठ्ठं करी दखं." मग सावरून, "म्हणजे सगळं करून पाहिलं. वहीतून काही मुद्दाम गाळलं नाही ना तुम्ही?"
"नाही." तेव्हाचं तरी खरं.
"तुला सांगितलं, तर सरांना सांगशील?"
"विचारलं तर सांगावंच लागेल. खोटं नाही बोलता येत मला."
राग आला तिचा. चहा दिला, बसस्टँडवर सोडलं. सांगितलं काहीच नाही. ते चट्टे मात्र…

४ मार्च
जर्नलला मेल लिहिला, अजून पाठवला नाही. राखेचं सगळं, माझ्या वह्यांचे फोटो, काम कुणाचं तेही. सर बुडणारच. पण प्रतीक्षाचा काय गुन्हा? हिला तर सर रागाने त्याच दिवशी लॅबबाहेर काढतील.
सकाळी तिला फोन करून अख्खा मेल वाचून दाखवला. म्हणजे राखेचं आता तिलाही कळलं. सरांना सांगून मोकळी होऊ शकते.
"पाठवा मॅडम." मग लगेच, "थांबा. आईला विचारते."
पाच वाजले. फोन नाही.