उष्णतेचा फोटो

मंगळवार, ५ फेब्रुवारी १९८५

लाल! डावीकडे भाकरीवरच्या करपट डागाएवढा लाल ठिपका. बाकी सगळं निळं. मुलुंडच्या दवाखान्यात एसीच्या खोलीत कितीतरी वेळ उघड्या अंगाने, हात डोक्यावर घेऊन बसवलं. अंग गार झालं की छातीत कुठे ऊब उरते ते कॅमेऱ्यात दिसतं म्हणे. मी लाजून मरत होते, म्हणून थोरली जाऊ — मालनवहिनी — सोबतीला स्वतःही बसल्या. त्यांचा फोटो स्वच्छ निळा!

डॉक्टरीणबाई दोघींना म्हणाल्या, "नुसत्या फोटोवर जाऊ नका. हाताने तपासू द्या." मी दिलं. गाठ लागली. वहिनींनी पदर घट्ट धरला. "माझा चांगला आलाय ना? मग कशाला!"

आता माझा एक्स-रे, मग गाठीत सुई टोचून तपासणी.

बुधवार, ६

मीराच्या वेण्या घालताना लक्षच नव्हतं. "आई, ओढतेस काय!" आठवीतली पोर. मी गेले तर हिचं कोण करणार?

रविवार, १०

वहिनी म्हणतात, नुसती उष्णता. "माझो फोटो कसो थंड इलो, बघलंस मा? रोज सब्जा पितंय मी. तू पण पी गो. काय होवचा नाय तुका."

सब्जा, गुलकंद — देतील ते गिळते. विश्वास नाही, पण नको म्हणायचं त्राणही नाही. हे पेपरात तोंड खुपसून म्हणतात, "होईल बरं." काय होईल बरं? कसं?

शुक्रवार, १५

एक्स-रेत नीट कळलं नाही. सुई टोचली. रिपोर्ट बुधवारी. आज देवापुढे दिवा लावला नाही. लावणारही नाही.

सोमवार, १८

जगण्यात राम नाही. वहिनींना म्हटलं, "माझं काही झालं तर मीराला तुम्ही सांभाळा." त्या नुसत्या तांदूळ निवडत राहिल्या. इतका राग आला! माणूस खोटं तरी 'हो' म्हणतं.

बुधवार, २०

साधी गाठ! कॅन्सर नाही!! आत सूज होती म्हणून लाल दिसलं. बाई म्हणाल्या, कधी उलटंही होतं — गाठ असते आणि फोटो निळाच येतो. घरी येऊन सगळं वहिनींना सांगितलं, मिठीच मारली. त्या एकदम मागे सरल्या.

गुरुवार, २१

वहिनींनी मोरीत बोलावलं. दार लावलं. माझा हात धरून पोलक्यात नेला. खड्यासारखी टणक.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. म्हणान तर सब्जा पित होतंय."