धक्क्यावर माणूस नाही

पौष वद्य चतुर्थी, शके १८४५. दिवेलागण.

मुंबईच्या मामांनी बंदराचे फार जुने फोटो पाठवले. मुलांना दाखवायला मीच मागवले होते. शिडांची गलबतं, एक आगबोट आणि मोकळा धक्का. तो मोकळा धक्का काही डोळ्यांपुढून जात नाही.

दुपारी मेंढरं सावलीला बसवून भागूमावशी शाळेत डोकावली. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गुर्जी, एवढं मोटं गाव, आन् धक्क्यावर मानूस एकबी न्हाई. ह्यास्नीबी नोटीस आली व्हती व्हय?"

हसू यायला हवं होतं. आलं नाही. आमच्या खोऱ्यात धरण होतंय, घरोघर नोटिसा आल्यात. तिला दुसरं काय सुचणार? मी समजावलं, जुन्या कॅमेऱ्याला फार वेळ लागे, चालती-फिरती माणसं त्यात उमटत नसत. धक्का माणसांनी भरलेला होता.

"मंजी समदी तितंच व्हती," ती म्हणाली, "आन् दिसली न्हाईत."

धरणाची वीज त्याच मुंबईला जाणार, हे मात्र सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

उठताना तिनं विचारलं, "परवा धरनाच्या सायबानं आपल्या गावाचा फोटू काडला, त्यात आमी असू का वो?"

"असाल की," म्हणालो.

खोटं बोललो. साहेबाचा कॅमेरा नवा होता, क्षणात फोटो निघाला. पण त्याआधी त्यानं हातानं खूण करून सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. आणि सगळ्यांत आधी बाजूला झालो तो मी.