साठ लिटर आणि चार माणसं

१० एप्रिल, सकाळ

ही डायरी ह्यांची. फेब्रुवारीच्या सतरा तारखेपर्यंत ह्यांनी रोजचं बीपी लिहिलं आहे. पुढची पानं कोरी. कोरा कागद रद्दीत घालणं मला जमत नाही, म्हणून मी लिहिते. शाळा चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणार कोण आहे?

आज निघायचं. मुलाने चाकांवरचं घर भाड्याने आणलंय. कॅम्पर म्हणतात. आत ओटा, गॅस, चौघांना झोपायची सोय आणि एक संडास. त्यात वळायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागतं. सहा दिवस एका माळावर राहायचं. तिथे वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. घरात सगळं असताना उठून गैरसोय भाड्याने घ्यायची. मुलगा म्हणतो, आई, तुला बदल हवा. मला काही नको आहे. तरी येते म्हटलं, कारण माझं काम आहे.

काम असं. मुलाच्या मते मी आता माझ्या घरात एकटीने राहू नये, त्यांच्याकडे यावं. निमित्त काय, तर मार्चमध्ये स्वयंपाकघरातला नळ वाहत राहिला आणि खालच्या शिंप्याच्या छतातून पाणी गळलं. त्याच्या शिवायला आलेल्या चार पँटी भिजल्या. बोंबलत वर आला. नळ ढिला आहे. दहा वेळा सांगितलं, नळ ढिला आहे. ऐकतं कोण?

म्हणून काल जेवताना सांगून टाकलं: सहा दिवस पिण्याचं पाणी मी सांभाळीन. कमी पडलं तर घराची किल्ली तुझ्या हातावर ठेवीन. पुरलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मुलगा घास चावता चावता हो म्हणाला. हो म्हणजे हो.

१० एप्रिल, संध्याकाळी सहा

पोचलो. माळ म्हणजे नुसता माळ. पिवळं गवत, दगड, एक बोडकं झुडूप. पलीकडे आणखी एक कॅम्पर. त्यात एक दाढीवाला एकटाच. आयुष्यभर नळ जोडले, आता रिटायर झालाय म्हणे. मी त्याला नळवाला म्हणते.

शेवटच्या गावात वीस लिटरचे तीन निळे कॅन भरून घेतले. गाडीच्या पोटात वेगळी टाकी आहे, ती भांडी आणि हातपाय धुवायला. तिला प्लास्टिकचा वास मारतो. ते प्यायचं नाही.

हिशेब: साठ लिटर, चार माणसं, सहा दिवस. माणशी दोन लिटर, चहा-स्वयंपाक त्यातच. दिवसाला आठ. सहा आठे अठ्ठेचाळीस. बारा लिटर उरतात. ते बारा लिटर मी मुलापुढे नेऊन ठेवणार. सुनेने मोबाइलवर करून पाहिलं. तेवढंच आलं. मोबाइल आता शिकतोय.

कालचं पाणी आज ठेवायचं नाही, ही माझी जन्माची शिस्त. रोज ताजं. माझं स्टीलचं नळाचं पिंप घरून आणलंय, पंधरा लिटरचं. सून म्हणाली, आई, गाडीत जागा नाही. मी म्हटलं, तुझ्या बॅगा बघ, मग जागेचं बोल.

जेवणानंतर दोन बाटल्या उशाशी ठेवल्या. लाल आणि निळी.

११ एप्रिल, पहाटे साडेपाच

सगळे घोरतायत. बाटल्या पायरीबाहेर रिकाम्या केल्या. पिंप विसळलं, गळ्यापर्यंत भरलं. वापर आठच लिटर, बाकीचं दिसायला. पिंप भरलेलं दिसलं की माणसं हावरटपणा करत नाहीत.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर नियम लिहून टांगले. एक, दात टाकीच्या पाण्याने घासा. दोन, चहा अर्धा कप. तीन, पेल्यात तळाशी ठेवायचं नाही. चार, विचारून घ्या.

नात अकरा वर्षांची. सारखी ओरडते म्हणून मी तिला टिटवी म्हणते. तिने पुठ्ठ्यावरच्या माझ्या तीन चुका दुरुस्त केल्या. चौथी तिला सापडली नाही.

संध्याकाळ. आजचा वापर: आठ. तंतोतंत. मुलगा म्हणाला, छान आई. असं छान म्हणाला की जणू मी बालवाडीत आहे.

१२ एप्रिल, सकाळ

कालचं ओतलं. पिंप भरलं. पहिला कॅन कालपासूनच हलका होता, आज दुसराही निम्मा गेला. सोळा जायला हवे होते. तीस गेले.

बसले आणि विचार केला. कॅन वीसचे नसणार. कंपन्या लबाड असतात. शिवाय हवा कोरडी. मुलाला विचारलं, पाणी उडून जातं का रे? तो म्हणाला, थोडंफार जात असेल. जात असेल म्हणजे जातंच. इंजिनिअर आहे तो.

तरी चौदा लिटर उडत नाही. सून दुपारी डोक्याला टॉवेल बांधून बसली होती. मी म्हटलं, केस कशाने धुतलेस? म्हणाली, टाकीच्या पाण्याने. मी म्हटलं, बरं. म्हणाली, आई, बरं असं का म्हणता? मी म्हटलं, बरं म्हणजे बरं. चोराच्या मनात चांदणं.

नळवाला आला होता. साखर मागायला. जाताना म्हणाला, बाई, तुमची टाकी केवढी आहे हो? मी म्हटलं, टाकीचं काय विचारता, वापरणाऱ्याकडे बघा. तो म्हणाला, बघतोय ना रोज सकाळी. म्हातारपणी कुणी आपलं काम बघतं ही काही वाईट गोष्ट नाही. साखर दीड वाटी दिली.

टिटवीने विचारलं, आजी, निळ्या बाटलीतलं कोण पितं? मी म्हटलं, बाटली कोरडी राहिली की वास मारते. तिने वहीत काहीतरी लिहिलं. ही मुलगी पुढे पोलिसात जाईल.

१३ एप्रिल, सकाळी सात

एक नवल. सगळा माळ ओसाड, आणि माझ्याच पायरीशी पाखरं. दहा-बारा. ओतणं झालं की लगेच हजर. इतर कुणाच्या दाराशी नाहीत. पाखरं माणूस ओळखतात. हे म्हणायचे, तुझ्याजवळ मांजरसुद्धा टिकत नाही.

तिसरा कॅन फोडावा लागला. पंचेचाळीस गेले. हिशेबाने चोवीस. एवढी मोठी चोरी होतेय आणि मी जागी आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं झालंय. पण मी आंधळी नाही.

आजपासून माणशी दीड लिटर. कॅनला माझ्या परकराची नाडी बांधली, गाठ माझी. दिवसभर बाकावर, कॅनवर पाय ठेवून बसले.

मुलाने कॉफी सोडली. सून बोलायची बंद झाली, त्यानेही घसा कमी सुकतो. दुपारी ती मुलाला म्हणाली, तुझ्या आईला इथे सुट्टीला आणलंय की पहाऱ्याला? मुलगा म्हणाला, जाऊ दे ना, करू दे तिला काहीतरी. मी झोपले नव्हते. डोळे मिटले की माणसांना वाटतं कानही मिटले.

काहीतरी. साठ लिटरांचा संसार म्हणजे काहीतरी.

१४ एप्रिल, सकाळ

रेशन कमी केल्याचा गुण दिसला. काल पिंपात जवळजवळ निम्मं शिल्लक राहिलं. ओतताना मनगट दुखलं.

पिंप भरलं. कॅन कलता करून हलवला, आतून आवाज आला. म्हणजे आहे. नाडी बांधलेली तशीच होती. म्हणजे चोर गाठ सोडतो आणि तशीच परत बांधतो. माझी गाठ घरात एकालाच बांधता यायची. ते आता नाहीत.

संध्याकाळ

दुपारी टिटवीचं डोकं दुखलं. ऊन लागलं. ओठ फाटलेत. पाणी दे आजी म्हणाली. तिचे दीड लिटर सकाळीच संपले होते. मी माझ्यातलं अर्धा पेला दिलं. सून म्हणाली, अर्धा? पोरगी तापलीय आणि तुम्ही अर्धा पेला मोजताय? मी म्हटलं, उद्या काय देशील मग? ती म्हणाली, उद्या आम्ही घरी जाऊ. मुलगा मध्ये पडला. म्हणाला, पिंपातून घे, हवं तेवढं घे. सुनेने दोन पेले भरून दिले. मी डायरीत लिहिलं: जादा, दोन पेले.

मला वाईट वाटायला हवं होतं. तिच्या कपाळावर हात ठेवला, गरम होतं, इतकंच कळलं. फेब्रुवारीपासून असंच आहे. सगळं काचेपलीकडून.

आणखी दोन दिवस. मग किल्ली माझी. जेवणानंतर बाटल्या भरल्या. लाल, निळी.

१५ एप्रिल, दुपार

जसं झालं तसं लिहिते.

साडेपाचला उठले. बाटल्या ओतल्या. पिंप उचललं, जड होतं, पायरीबाहेर उपडं केलं. पाखरं आली. आत येऊन कॅनची नाडी सोडली, कॅन पिंपावर कलता धरला. एक धार आली, करंगळीएवढी. मग थेंब. मग थेंबही नाही. दुसरा कॅन. तिसरा. मी ते रिकामे कॅन पुन्हा पहिल्यापासून कलते करून पाहिले.

पलीकडून नळवाला सगळं बघत होता. स्वतःचा छोटा कॅन घेऊन आला. म्हणाला, बाई, चार लिटर आहेत, ठेवा. पण हे प्यायचं हं. तुमच्यासारखं रोज पाच-सहा लिटर जमिनीला पाजणं आपल्याला परवडत नाही. मला वाटत होतं, तुमच्याकडे विहीर आहे.

तोवर सगळे उठून दारात आले होते. सून, मुलगा, टिटवी. पायरीपुढे जमीन ओली होती, आणि तिच्यात बोटभर हिरवं गवत आलेलं. सगळ्या पिवळ्या माळावर एवढाच तुकडा हिरवा. टिटवीने तो पावलांनी मोजला. लांबी दोन, रुंदी दीड.

मी म्हटलं, ते शिळं पाणी होतं. ते धरायचं नसतं.

माझं मलाच ऐकू आलं.

सून हसेल असं वाटलं. नाही हसली. ते जास्त वाईट. मुलगा गाडीची किल्ली घेऊन म्हणाला, गावात जाऊन भरून आणतो, चाळीस किलोमीटर तर आहे. आम्ही बायका नळवाल्याच्या खुर्च्यांवर त्याचे चार लिटर पीत बसलो. त्याने एकदाही हिशेब विचारला नाही.

मुलगा अकराला परत आला. मी कमरेची घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली, साखरेच्या डब्याशेजारी. तो म्हणाला, हे काय? मी म्हटलं, पैज. तो म्हणाला, कुठली पैज, आई?

जेवताना हो म्हणाला होता. घास चावता चावता.

मी पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, घराचं तुला एवढं लागलंय हे मला आधी सांगायचंस ना. मी म्हटलं, काय सांगायचं? किल्ली तिथेच राहिली. चहाच्या वेळी सुनेने ती उचलली, पुसली आणि दाराजवळच्या हुकाला लावली, गाडीच्या किल्लीशेजारी. म्हणाली, टेबलावर चिकट होईल.

१६ एप्रिल, सकाळ

काल पाण्याचं खातं टिटवीकडे गेलं. माझ्याकडे फक्त पेले विसळायचं काम, तेही टाकीच्या पाण्याने.

तिने वहीत नवा हिशेब मांडला. मी चष्मा लावून पाहिला. साठ लिटर, पाच माणसं. मी म्हटलं, पोरी, पाढे विसरलीस? आपण चौघं. ती म्हणाली, निळी बाटली धरलीय, आजी. रोजचा एक लिटर. धरला नाही तर हिशेब चुकतो, तुझा चुकला तसा.

काल रात्री जेवण झाल्यावर तिनेच दोन्ही भरून आणल्या. लाल माझ्या बाजूला. निळी पलीकडे.

आता एक गोष्ट. नळ ढिला नव्हता. त्या दिवशी निळी बाटली भरली आणि ठेवायला आत गेले. पलंगाच्या त्यांच्या बाजूला ठेवली. मग बसले. किती वेळ, माहीत नाही. शिंपी दार वाजवत होता तेव्हा उठले. हे कुणाला सांगायचं नाही. पण मुलगा आज म्हणाला, आई, थंडीपर्यंत आमच्याकडे राहा, मग बघू, आणि मी नाही म्हटलं नाही.

साडेपाचला उठले. बाटल्या घेऊन पायरीवर आले. पाखरं जमली होती. लाल बाटली रात्रीच संपली होती. निळी भरलेली. ओतायला वाकडी केली, मग सरळ केली.

प्यायले. एका दिवसाचं शिळं. चव पाण्याचीच होती.

पाखरं थोडा वेळ थांबली आणि गेली.