थर्मासचं एकच झाकण

३ फेब्रुवारी, सोमवार. कंपनीची बस
नेरूळहून न्हावा शेवाच्या ऑफिसला बदली. नवी बस, नवी माणसं. मागच्या सीटवर सिताराम कांबळेकाका घरून गवती चहा आणतात. आलं, गूळ, दूध नाही. थर्मासचं एकच झाकण सगळ्यांत फिरतं. मलाही दिलं. मी खिशातल्या वाइपने कड नीट पुसली, मगच प्यायलो. चहा एक नंबर! महिन्याभरात ही बस आपली.

५ फेब्रुवारी, बुधवार
झाकण शेजारच्या सीटवरच्या जागृतीकडून थेट पलीकडच्या रूपेशकडे. मधे मी. विसरले असतील. रूपेशचा उष्टा वडापाव खाऊन वेळ मारून नेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पुन्हा वगळलं! मोठ्याने घसा खाकरला. जागृतीने खोकल्याची गोळी दिली.

१० फेब्रुवारी, सोमवार. पहाटे
झोप नाही. पण कळलं! मी स्वच्छतेचा माणूस, म्हणून बिचारे बिचकतात. पेपर कप नेतो. ज्याचा त्याला. बस खूश.

११ फेब्रुवारी, मंगळवार
कप वाटले. जागृतीने त्यात शेंगांची टरफलं टाकली. रूपेश म्हणाला, ठेव भाई तुझ्याकडेच. माझ्यावर जळतात साले. काकांनी मात्र एक कप घेतला, पिशवीत ठेवला. चला, एकाला तरी पटलं!

१३ फेब्रुवारी, गुरुवार
स्वतः काढा केला. गुळवेल, अडुळसा, कडुलिंब. ड्रायव्हर प्रीतमने घोटभर घेतला आणि उरण फाट्याला बस थांबवून खाली उतरला. इंजिन बघायला असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार
राहवेना. जागृतीला विचारलं. म्हणाली, गावात काकांच्या आजोबांना चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप पडवीत कोनाड्यात असायचा, विसळायचाही त्यांनीच. म्हणून काकांच्या चहाला झाकण एकच. आणि तुम्ही ते पुसलंत.
मी म्हटलं, अहो, ते व्हायरससाठी!
ती म्हणाली, मग रूपेशचा वडापाव कुठे पुसलात?
भलतंच काहीतरी. मी असं काही मानत नाही. घरात विचारा कोणालाही.
उद्या न पुसता पिणार. विषय संपला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
स्वतःच मागे गेलो. काका, आज मलाही द्या, म्हटलं. काका हसले, पिशवीत हात घातला. म्हणाले, देतो की साहेब, तुमचा ठेवलाय वेगळा.
माझाच पेपर कप. काठोकाठ भरून दिला.
झाकण पुढे गेलं. जागृती, रूपेश, प्रीतम.
मी कप धरून उभा. चहा तोच होता.