आईला थंडी वाजते म्हणून

३ मे, शनिवार
निर्णय झाला. 'मॉलीमॉक'वर, म्हणजे मी राहते त्या बोटीवर, डिझेल हीटर बसवायचा आणि तो मीच बसवायचा. खोकं काल आलं. यंत्र पावाच्या मोठ्या लादीएवढं आहे, बाकी सगळ्या नळ्या.

मुदत २१ जून. इथे दक्षिण गोलार्धात वर्षातला सगळ्यांत लहान दिवस आणि आईचा वाढदिवस. त्या रात्री ती बोटीवर झोपणार. आठ वर्षांपूर्वी, मी पंधरा वर्षांची असताना, ती दोन पिशव्या घेऊन टेकडीवरच्या घरात राहायला गेली. थंडी सोसत नाही म्हणाली. त्यानंतर एकही रात्र ती इथे झोपलेली नाही. आज विचारलं तेव्हा हसली आणि म्हणाली, बोट गरम झाली की येईन. हसली ते आनंदानेच.

काम दोन शनिवार-रविवारांचं आहे. घाई नको म्हणून तीन धरते.

४ मे
सकाळी आई तिच्या मैत्रिणींबरोबर धक्क्यावरून पाण्यात उतरली. रोज उतरते. पाणी बारा अंश. तिघी गप्पा मारत लाल बोयापर्यंत जाऊन आल्या. मी चहाचा मग धरून, दोन स्वेटर घालून बघत होते. बिचारीला बोटीवर किती थंडी वाजत असेल.

शेजारच्या बोटीवरच्या डेसकाकांनी विचारलं, ही बाई थंडीला भिते म्हणून हीटर आणलायस? मी समजावून सांगितलं की बाहेरची थंडी वेगळी आणि आतली वेगळी. ते "हं" म्हणाले. त्यांना पटलं.

१० मे
माहितीपत्रक पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. आधी लिहा, मग करा, हा बाबांचा पहिला नियम. माझी सगळी शाळा बोटीतल्या याच टेबलावर झाली. बाबा भूगोल, गणित, गाठी आणि शिस्त शिकवायचे. आई तेव्हा बाहेर, सुकाणूपाशी बसायची. पावसातसुद्धा, रेनकोट घालून. आम्हाला व्यत्यय नको म्हणून. इतकी समजूतदार.

हीटरचा धूर बाहेर जायला बोटीच्या पाठीला एक भोक पाडावं लागतं. बाकी काही अडचण नाही.

११ मे
भोक आजच पाडणार होते. पण आज मदर्स डे. ज्या आईसाठी काम करायचं तिलाच आजच्या दिवशी एकटं सोडणं बरोबर दिसत नाही. शेवंतीची फुलं घेऊन वर गेले. तिच्या घरात सगळ्या खिडक्या सताड उघड्या. ऊब म्हणजे काय हेच ती विसरली आहे. मी अंगातलं जॅकेट काढलं नाही. तिने दोनदा विचारलं, थंडी वाजते का गं? मी नाही म्हटलं.

१८ मे
भोकाचा सराव केला. आधी जुन्या फळीवर. डेसकाकांनी गोल करवत दिली होती. एकूण चौदा भोकं, त्यांतली शेवटची सहा उत्तम. डेसकाका डोकावून म्हणाले, "कॅप्टनबाई, हीटर बोटीत बसवायचाय की फळीत?" मी हसले. पण खरं भोक पाडायला संध्याकाळचा उजेड योग्य नव्हता.

(पाच वाजले होते. उजेड नव्हताच.)

२४ मे
वारा. भोक वाऱ्यात पाडू नये.

असं कुठे लिहिलेलं नाही, पण ते उघड आहे.

२५ मे
बाबांना फोन केला. ते हल्ली उत्तरेकडच्या उबदार क्वीन्सलँडमध्ये असतात, बंडाबर्गला, अर्ध्या चड्डीवर. बोट माझ्या नावावर करून गेले, सांध्यांना थंडी मानवत नाही म्हणून. फक्त इतकंच विचारलं होतं की आतून मोजू की बाहेरून. त्यांनी हवा गरम का होते इथपासून सुरुवात केली. मी फोन टेबलावर ठेवून चहा केला, प्यायले, कप विसळला. परत आले तेव्हा बाबा ज्वलनाच्या दुसऱ्या मुद्द्यावर होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला थंडी पहिल्यापासूनच सोसत नाही. मी तिला कपडे कसे घालायचे ते किती वेळा शिकवलं."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मोजायचं कुठून ते राहिलंच.

३१ मे
भोक पाडलं.

आतून तीन वेळा मोजलं. खडूने खूण केली. डेसकाका त्यांच्या छोट्या होडीत बसून बाहेर थांबले होते. करवत आरपार गेली तेव्हा बाहेरचा उजेड आत आला आणि मला जरा आडवं व्हावं लागलं. अर्धा तास. थकव्यामुळे.

भोक उत्तम गोल आहे. फक्त ते पाण्यात उतरायच्या शिडीला अगदी चिकटून आलं आहे. ते दुसऱ्या बाजूला यायला हवं होतं. आतून बघताना मी डावं-उजवं उलट धरलं असं डेसकाकांचं मत. मला वाटतं, शिडीजवळ असलं की दुरुस्तीला सोपं.

७ जून
नळ्या जोडल्या. डिझेलचा छोटा पंप माझ्या बिछान्याखाली बसला, दुसरीकडे जागा नव्हती. फटी बुजवायचं सिलिकॉन केसांत गेलं. डाव्या बाजूची बट कापली. कुणाच्या लक्षात येणार नाही.

८ जून
डेसकाकांनी आल्या आल्या विचारलं, केसांना काय झालं.

हीटर पहिल्यांदा सुरू केला. टिक, टिक, टिक, मग घरघर, मग पडद्यावर एक 'ई' आणि आकडा. माहितीपत्रकाप्रमाणे त्याचा अर्थ 'पेटला नाही'. हे मला दिसतच होतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा यंत्राने स्वतःला कुलूप लावून घेतलं. नळीत हवा असणार. मी शांत आहे.

९ जून
पहाटेपर्यंत जागी होते. चिंता म्हणून नाही. विचार करत होते.

१४ जून
पेटला. आधी इतका पांढरा धूर आला की समोरच्या बोटीवरच्या माणसाने बादली उचलली. मग धूर गेला आणि आवाज एकसारखा झाला. मी टेबलापाशी बसून वाट बघितली. एक तासाने आतलं तापमान तेरा. सुरू करण्याआधीही तेराच होतं.

इतक्यात आई पोहत बोटीपर्यंत आली आणि विश्रांतीला शिडी धरून थांबली. धुराच्या भोकातली गरम हवा थेट तिच्या कानात. "अगं, इथे तर छानच ऊब आहे," म्हणाली आणि खोकत खोकत लांब गेली. म्हणजे हीटरच्या कामाची पहिली पावती आईकडूनच मिळाली.

दुपारी उलगडा झाला. गरम हवेची नळी आतल्या आत निसटली होती. सगळी ऊब बाकाखालच्या कप्प्यात जात होती, बटाट्यांना. ते मऊ पडलेत. कप्पा बत्तीस अंश.

१५ जून
बटाट्याचं सूप. डेसकाकांनाही दिलं. म्हणाले, या बोटीवर एकट्या बटाट्यांनाच सुख लागलं. तरी दोन वाट्या प्यायले.

२० जून
आत चोवीस अंश. उद्या आई आत येईल, कोट काढेल आणि तिला कळेल की निघून जायचं कारण आता उरलेलं नाही. एका रात्रीनंतर ती आणखी एक रात्र राहील. मग बघू. मी फार पुढचा विचार करत नाही. तिच्या पिशव्यांसाठी पुढचा कप्पा मात्र रिकामा केला.

पाहुण्यांसाठी सूचनांचं कार्ड तयार करून लॅमिनेट केलं. दार उघडं ठेवू नये. वरची झडप, म्हणजे छतातली खिडकी, उघडू नये. बटणाला हात लावू नये. ओले टॉवेल नळीवर टाकू नयेत. अशा नऊ. अक्षर छान आलं आहे.

२१ जून, दुपारी
सगळं तयार. चार वाजल्यापासून हीटर चालू. आत सव्वीस. थोडं जास्त आहे, पण आईला थंडी वाजते.

२२ जून, सकाळ
क्रमाने लिहिते.

आई सहाला आली. शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री घेऊन आली, डेसकाकांच्या वाटची त्यांना आधीच देऊन. आत आल्यावर कोट काढला. मग कार्डिगन. मग मोजे. तोंड लालबुंद. ताटली घेऊन बाहेर सुकाणूपाशी जाऊन बसली. मी तिला आत आणलं, कारण दार उघडं राहत होतं. तिने वरची झडप उघडली. मी ती लावली आणि कार्डाकडे बोट दाखवलं.

तिने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाली, अक्षरसुद्धा हुबेहूब तुझ्या बाबांचंच. मला वाटलं कौतुक आहे. थँक्यू म्हटलं.

मग तिने ताटली खाली ठेवली.

"टॅम, मला या बोटीवर कधीच थंडी वाजली नाही."

मी म्हटलं, तू तेव्हा थंडी सोसत नाही म्हणाली होतीस, मला पक्कं आठवतं.

"म्हटलं होतं. काहीतरी म्हणायलाच हवं होतं. तुझे बाबा उठल्यापासून शिकवायचे. तुला शिकवून झालं की मला. पातेलं कसं धरायचं, दोर कसा गुंडाळायचा, किती मोठ्याने हसायचं. नऊ मीटरची बोट. लावून घ्यायला दार एकच, तेही संडासाचं. तिथे तरी किती बसणार?"

मी विचारलं, मग तेव्हा तसं का नाही सांगितलंस?

"तू त्यांची फर्स्ट मेट होतीस, कप्तानाचा उजवा हात. त्यांचं नाव घेतलं असतं तर तुला बाजू निवडावी लागली असती. थंडी ही कुणाची चूक नसते."

हीटर एकसारखा चालू होता. मला जे विचारायचं होतं ते आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे ते नीट आलं नाही. मी म्हटलं, आणि मला का ठेवून गेलीस?

आईने माझ्या कापलेल्या बटेकडे बघितलं.

"नाही गं ठेवून गेले. पिशव्या घेऊन याच पायरीवर उभी होते. तुला विचारलं, येतेस का? तू म्हणालीस, मला नाही वाजत थंडी."

मी तसं म्हटलं असणार. अजूनही विचारलं की तेच म्हणते.

आई रात्री राहिली. अट एकच, हीटर बंद. दहाला बंद केला. पंखा आपोआप थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये, ही सूचना क्रमांक सात, ती तिने पाळली. मग झडप उघडली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. आत सहा अंश. पाहुणीची झोप उत्तम. मी तीन स्वेटर, कानटोपी आणि डेसकाकांकडून आणलेली गोधडी घेऊन पडून होते. दात वाजत होते. आवाज होऊ नये म्हणून रुमाल चावला.

उजाडल्यावर आई शिडीने पाण्यात उतरली. तिचं डोकं पाण्याखाली गेलं त्याच क्षणी मी हीटरचं बटण दाबलं. टिक, टिक, टिक. 'ई' आणि आकडा. या वेळी बॅटरी. काल सहा तास चालवून मीच ती उतरवली होती. यंत्रात तसा काही दोष नाही.

शिडीपाशी आईचं डोकं वर आलं. ओठ गुलाबी, श्वास वाफेसारखा. मी गोधडी पांघरून दारात उभी होते. म्हणाली, "घरी लाकडाची शेगडी आहे. मी कधी पेटवत नाही. येतेस का?"

मी म्हटलं, "हो. मला थंडी वाजते."

ती फक्त "बरं" म्हणाली आणि टॉवेल मागितला. टॉवेल मी नळीवर टाकला होता. सूचना क्रमांक चार.

हे तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. म्हणजे आज आधी केलं आणि मग लिहिलं. आईने माझ्यासाठी खिडक्या लावल्या आहेत, एक सोडून. शेगडी दोनदा विझली, लाकूड ओलं आहे. तिसऱ्यांदा पेटवताना मी तिला लाकडं कशी रचायची ते सांगायला लागले आणि मध्येच गप्प बसले.

पाय अजून गार आहेत.