पट्ट्याविना आयव्हर

३ नोव्हेंबर १९०९

आजारी सभासद-भावांच्या घरी जाऊन खात्री करायची, हे काम यंदा लॉजने, म्हणजे आमच्या खाणकामगारांच्या मदत-मंडळाने, माझ्या गळ्यात मारलंय. आज आयव्हरकडे गेलो. वेल्सहून अमेरिकेला एकाच बोटीने आलो आम्ही. खाणीच्या धुळीने छाती पार गेलीय त्याची.

अंथरूण रिकामं! सापडला कुठे — तर आमच्या मयत पेनरीभाऊच्या अंगणात, कुऱ्हाडीने लाकडं फोडत.

"आजारी ना रे तू?"

"हात मोकळे करत होतो, प्रॉसर," म्हणाला, आणि खोकत खाली बसला. पेनरीची बायको काही बोलणार होती. त्याने हातानेच गप्प केलं तिला.

आजारी भावाला लॉज पैसे देतं; त्याने काम केलं तर तो ढोंगी, लॉजमधून बाहेर. असा नियम. आणि पाहीन ते सांगेन, ही माझी शपथ.

५ नोव्हेंबर

बायको म्हणते, "पाहिलंच नाही म्हणा की." चिडलो तिच्यावर. शपथ म्हणजे काय बाजारातली भाजी आहे, हवी तेवढी घ्यायला?

९ नोव्हेंबर

सांगितलं. आयव्हर समोरच बसला होता.

अध्यक्षांनी विचारलं, "काम करत होतास?"

"होतो."

"का?"

त्याने मतपेटीकडे बोट दाखवलं. पेटीत मतांच्या गोट्या पडल्या — काढून टाकायच्या अकरा काळ्या, ठेवायची एक पांढरी. पांढरी माझी. तेवढ्यावर स्वतःला भला माणूस समजत घरी आलो.

निकाल ऐकताच आयव्हरने लॉजच्या सभासदाचा पट्टा गळ्यातून काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला.

२० नोव्हेंबर

आयव्हर गेला.

२२ नोव्हेंबर

दफन झालं. काढून टाकलेल्याच्या मातीला लॉजने जायचं नसतं. नाहीतर शवपेटीवर त्याचा पट्टा असता, प्रत्येक भावाने खड्ड्यात हिरवी डहाळी टाकली असती. सतरा वर्षं त्याने इतरांच्या शवपेट्या खांद्यावर घेतल्या — माझ्या बापाचीसुद्धा. त्याची भाडोत्री माणसांनी उचलली. मी कुंपणाबाहेरून पाहिलं. लाज वाटली स्वतःची.

२४ नोव्हेंबर

मयत भावाच्या विधवेला लाकडं फोडून द्यायची आम्हा सगळ्यांची पाळी असते. आज माझी, असं धरून पेनरीकडे गेलो.

ती दारातून हलली नाही. "तुमची पाळी तीन आठवड्यांपूर्वी होती. चूल बंद होती माझी. आयव्हर म्हणाला, प्रॉसर विसरला असेल, कुणाला सांगू नका, लॉजमध्ये त्याची मान खाली जाईल."